चालू दवाखान्यात

"दवाखाना रविवारी बंद असतो, रविवारी करू," असं मी अध्यक्षांना चांगलं समजावून सांगितलं होतं. पुण्याहून फोनवर मदत करणाऱ्या कंपनीच्या हरिओमनंही तेच सांगितलं होतं. पण दिनकरराव म्हणजे दिनकरराव. गंगाखेड रोडवरचा हा ट्रस्टचा दवाखाना त्यांनी स्वतःच्या शेतात उभा केला, त्यामुळे इथली भिंतसुद्धा त्यांना विचारून उभी राहते.

ते म्हणाले, "बंद दवाखान्यात काही बंद पडलं न्हाई म्हणून कुणाला सांगायचं? चालू दवाखान्यात करून दाखव. मेंबर लोकं येतील, बघतील. आन् हे नीट झालं की तुझं कायम व्हायचं त्याच मीटिंगमधी घेतो."

शेवटचं वाक्य ऐकलं आणि माझा विरोध संपला. मी या दवाखान्यातले कॉम्प्युटर सांभाळतो, करारावर. दर अकरा महिन्यांनी मला एक दिवस कामावरून काढतात आणि दुसऱ्या दिवशी परत घेतात. त्या एका दिवशीही प्रिंटर चालत नाही म्हणून मला फोन येतातच. घरी माझी बायको मनिषा आणि पिंगळीला वडील, दोघांचीही निम्मी वाक्यं 'सुगत कायम झाला की' अशी सुरू होतात. आता तर आमच्या पोरीलाही ते पाठ झालं आहे. ती सायकल मागताना आधी विचारते, "पप्पा, तुमी कायम कवा होणार?"

काम काय होतं ते सांगतो, कारण मेंबर लोकांना शेवटपर्यंत ते कळलं नाही. आमच्याकडे तीन मोठे सर्व्हर आहेत. नोंदणी, लॅब, औषधं, स्कॅनचे फोटो अशी सगळी खाती या तिघांत भाडेकरूंसारखी राहतात. पण त्यांचं सामानसुमान, म्हणजे सगळा डेटा, एका चौथ्या पेटीत असतो. सर्व्हरपासून त्या पेटीपर्यंत जाणारा रस्ता जुना झाला होता, तांब्याच्या तारेचा, अरुंद. तो काढून काचेच्या तारेचा नवा रस्ता करायचा होता, तोही रहदारी चालू ठेवून. पद्धत साधी आहे. एका सर्व्हरमधले भाडेकरू चालत्या कामासकट दुसऱ्या दोघांत हलवायचे, रिकाम्या सर्व्हरमधलं जुनं कार्ड काढून नवं बसवायचं, नवी तार जोडायची, भाडेकरू परत आणायचे. मग दुसरा, मग तिसरा. घराला चुना द्यायचा, पण चुलीवरचं भांडं उतरवायचं नाही, असा प्रकार. बाहेर बसलेल्या पेशंटला कळतासुद्धा कामा नये.

नवी कार्डं दसऱ्याच्या तोंडावर आली. मी तेव्हा रजेवर निघालो होतो, कारण दसऱ्याला आम्ही दरवर्षी आई-वडिलांना घेऊन नागपूरला दीक्षाभूमीवर जातो. सर्व्हरच्या खोलीची चावी मी लॅबच्या सविता मॅडमकडे दिली. परत आलो तर नेहमीसारखं होतं. सर्व्हरच्या कपाटावर झेंडूची माळ, त्याच्या दारावर हळदकुंकवाची बोटं, फरशीवर नारळाचं पाणी सुकलेलं. खंडेनवमीला दवाखान्यात सगळ्या यंत्रांची पूजा होते, एक्स-रेच्या मशीनपासून रुग्णवाहिकेच्या जॅकपर्यंत. मी माळ काढतो, ओल्या फडक्यानं दारं पुसतो आणि गप्प बसतो. एखाद्याला यंत्राचे उपकार मानावेसे वाटले तर आपलं काय जातं? या वेळी नव्या कार्डांच्या खोक्यांवरही कुंकू होतं. खोकी उघडून पाहिली. कार्डं जागच्या जागी होती आणि त्यांच्या तोंडांवरच्या रबरी टोप्याही घट्ट बसलेल्या होत्या.

ठरलेल्या दिवशी सकाळीच अध्यक्ष दोन-चार मेंबरांना घेऊन आले. त्यात व्यंकटराव होते. व्यंकटराव ट्रस्टचे खजिनदार, आणि कुठल्याही नव्या वस्तूकडे ते ती आपल्याच खिशातून आल्यासारखे बघतात. फोनवर हरिओम होता. हा मूळचा येलदरीचा, पण कामाच्या वेळी इतकं शुद्ध पुणेरी बोलतो की मलाच आपली भाषा चोरून वापरावी लागते.

"सुगत सर, पहिल्या सर्व्हरवरचं सगळं हलवून घ्या," तो म्हणाला. मी हलवलं. सर्व्हर रिकामा झाला. कार्ड बदललं, टोप्या काढल्या, काचेची तार खटकन बसली, हिरवा दिवा लागला. चाचणी घेतली, पास. भाडेकरू परत आले. बाहेर नोंदणीच्या खिडकीवर केसपेपर निघत होते, कुणाला काही पत्ता नाही. मला इतकं बरं वाटलं की काय सांगू.

व्यंकटराव मात्र कंटाळले. "सुरू झालं का?" त्यांनी विचारलं.

"साहेब, एक झालाय. दुसरा करायलोय."

"मग दिसंना कामून काही?"

काही दिसू न देणं हेच काम आहे, हे त्यांना कसं सांगायचं? अध्यक्षांनी माझी बाजू घेतली. "अहो व्यंकटराव, पोरगं लय हुशार हाय. ऑपरेशन चालू हाय आन् पेशंट चहा प्यायलाय, असं समजा." सगळे हसले. माझी छाती फुगली, हे खोटं कशाला बोलू.

दुसराही नीट झाला. तिसऱ्यातलं जुनं कार्ड मी बाहेर काढलं तेव्हा जुन्या रस्त्यावर कुणीच उरलं नाही. हरिओम म्हणाला, "आता सगळी ट्रॅफिक नव्या लाइनवर." तिसरा दिवा हिरवा झाला. मी मनातल्या मनात मनिषाला फोन लावला.

"आता याचा वेग दाखव," अध्यक्ष म्हणाले. त्यांनी स्वतःच आत-बाहेर फोन करून सगळ्या डॉक्टरांना आपापल्या टेबलावर स्कॅनचे मोठे फोटो एकदम उघडायला सांगितलं. मेंबर लोकं माझ्या पाठीमागे उभी राहिली. पहिला फोटो झपकन उघडला. दुसरा अर्धा उघडला आणि तिथंच राहिला.

मग काहीच हलेना. पडद्यावरचं ते गोल चिन्ह फिरत राहिलं. हिरवे दिवे हिरवेच होते, आणि हेच जास्त वाईट. दिवा लाल झाला असता तर निदान कुणाकडं बोट दाखवता आलं असतं. नोंदणीवरून फोन आला, "सर, केसपेपर निघंना." औषधाच्या खिडकीवरून आला. लॅबमधून सविता मॅडम स्वतःच चालत आल्या, "सुगत, रिपोर्ट अडकलेत सगळे."

"हरिओम सर, काय होतंय?"

"थांबा, थांबा, एरर वाढताहेत. डेटा जातोय पण तुटका पोचतोय." आणि मग त्याच्या तोंडून पुणं एकदम गळून पडलं. "आयला, हे काय होयलंय! सुगत सर, तिन्हीबी एकदमच गेलेत की हो."

मी म्हणालो, जुनी कार्डं परत लावू. म्हणालो खरं, पण म्हणतानाच मला उत्तर माहीत होतं. जुनं कार्ड लावायचं तर सर्व्हर रिकामा करावा लागतो, रिकामा करायचा तर भाडेकरू हलवावे लागतात, आणि हलवायला रस्ता लागतो. रस्ताच नव्हता. हातात स्क्रू-ड्रायव्हर घेऊन मी तिथं उभा राहिलो. चौदा प्रकारच्या आज्ञा मला पाठ आहेत, त्यातली एकही घेणारं समोर कुणी जागं नव्हतं. माणूस किती निरुपयोगी होऊ शकतो ते मला त्या खोलीत कळलं.

खोलीत फोनला नीट रेंज नव्हती म्हणून मी बाहेर आलो. बाकावर राणीसावरगावच्या बायनाबाई बसल्या होत्या. साखर तपासायला उपाशीपोटी आलेल्या, आणि रिपोर्टशिवाय डॉक्टर गोळी बदलून देईनात. माझ्या गळ्यात ओळखपत्र बघून त्या म्हणाल्या, "बाबा, कागद कवा मिळंल? माझी गाडी जायलीय."

"होईल मावशी, आत्ता होईल."

"सकाळपून आत्ताच म्हणायलेत समदे." त्या रागावल्या नव्हत्या. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. थोड्या वेळानं पाहिलं तर त्या पिशवी घेऊन फाटकाकडे चालल्या होत्या, रिपोर्ट न घेताच.

शेवटी हरिओमनंच सुचवलं. "एक तार काढून तोंड पुसून बघा बरं. नव्या पोर्टला कुणी पुसत न्हाई, पण बघा." काचेच्या तारेतून उजेड जातो. कार्डाच्या तोंडात दोन बारीक डोळे असतात, त्यावर धुळीचा एक कण बसला तरी उजेड अडखळतो. थोडीशी रहदारी असली तर चालून जातं, गर्दी झाली की कोलमडतं. मी पुसायची पेनासारखी काडी घातली, फिरवली आणि बाहेर काढली. पांढऱ्या टोकावर पिवळं आणि लाल होतं.

मी दुसरं तोंड पुसलं. पिवळं आणि लाल. तिसऱ्या सर्व्हरचं पुसलं. तेच.

फोनच्या कॅमेऱ्यातून हरिओम बघत होता. "सर, ही हळद हाय का?"

मी सविता मॅडमकडे पाहिलं. त्यांचा चेहरा उतरला होता. दार लोटून घेत त्या हळू आवाजात म्हणाल्या, "खंडेनवमीला अध्यक्षांनीच टोप्या काढल्या होत्या. म्हणाले, झाकल्या हत्याराची पूजा व्हत न्हाई. एकेका डोळ्याला चिमूट चिमूट लावली. मग टोप्या पुन्हा नीट बसवल्या, एकबी इकडची तिकडं होऊ दिली न्हाई. मला काय माहीत रे, त्यानं असं होतंय म्हणून?"

त्यांना कुठून माहीत असणार? अध्यक्षांनाही कुठून माहीत असणार? त्या माणसानं मनापासून, काळजीनं, माझ्या यंत्राचं भलं व्हावं म्हणून ते केलं होतं. आणि वर टोप्या इतक्या नेटक्या बसवल्या होत्या की मलाही शंका आली नाही.

हरिओम पुन्हा पुणेरी झाला. "मी मेलमध्ये 'साइटवर कचरा आढळला' एवढंच लिहितो. कशाचा, ते तुम्ही तिथं सांगा." म्हणजे कंपनी मोकळी झाली.

सगळे सर्व्हर बंद करावे लागले. एकेक तोंड, एकेक तार पुसून घेतली. दुपार टळल्यावर दवाखाना परत सुरू झाला, आणि या वेळी सगळे फोटो एकदम उघडले तरी काही अडखळलं नाही. नवा रस्ता खरंच झकास होता. पण तो बघायला कुणी थांबलं नव्हतं. एकही खातं बंद पडणार नाही असं मी म्हणालो होतो, आणि सगळी पडली होती.

मीटिंग वरच्या हॉलमध्ये होती. चहा आला. व्यंकटरावांनी पहिला प्रश्न विचारला, "मेंबरांच्या देखत फजिती झाली. कारण काय त्याचं? कंपनी म्हणायलीय, कचरा आपलाच हाय. कशाचा कचरा?"

उत्तर माझ्या जिभेवर होतं. खरं, सोपं, एका शब्दाचं. पण हळद हा शब्द माझ्या तोंडून एकटा निघत नाही, त्याच्यासोबत माझं आडनाव निघतं. हरिओम म्हणाला असता तर तो तांत्रिक दोष ठरला असता. सविता मॅडम म्हणाल्या असत्या तर चूक ठरली असती. मी म्हणालो असतो तर दुसऱ्या दिवशी बाजारपेठेपर्यंत एकच गोष्ट गेली असती, की सुगत पूजेला नावं ठेवायलाय. इतकी वर्षं मी माळा काढल्या, फडकी मारली, कुणाशी वाद घातला नाही, ते सगळं त्या एका शब्दात वाहून गेलं असतं.

सविता मॅडमनी तोंड उघडलं. "साहेब, त्या दिवशी पूजेला..."

"धूळ होती, साहेब," मी मध्येच म्हणालो. "बारीक धूळ."

मॅडम माझ्याकडे बघत राहिल्या. त्यांनाही नोकरी करायची होती, आणि अध्यक्षांच्या अंगठ्याकडे बोट दाखवून ती करता येत नाही.

मला वाटलं, संपलं. पण धुळीलाही कुणीतरी मालक लागतो. व्यंकटराव म्हणाले, "धूळ कशी? झाडायला बाई हाय न्हवं? बोलवा सरजाबाईला." आणि सरजाबाई आल्या, हात पदराला पुसत, हॉलच्या दारातच थांबल्या. पहाटेपासून आख्खा दवाखाना एकट्यानं झाडणारी बाई.

"खोली झाडत न्हाईस का गं?" व्यंकटरावांनी विचारलं.

"कोंची खोली, सायेब?"

आता काय करणार? एक खोटं बोललो होतो, ते घरंगळत तिच्या पायाशी जाऊन थांबलं. ते उचलून घेण्यावाचून इलाज नव्हता. मी उभा राहिलो. "साहेब, मावशींना त्या खोलीत जायची परवानगीच न्हाई. चावी माझ्याकडं असते. झाडणं, पुसणं, सगळी जिम्मेदारी माझी."

"हां," व्यंकटराव म्हणाले. "म्हणजे तुझीच चूक."

"हो साहेब."

ते दोन शब्द म्हणताना मला रडू येईल असं वाटलं, पण आलं नाही.

आणि दिनकरराव? दिनकररावांनी माझ्या पाठीवर हात ठेवला. मनापासून ठेवला, हे मी शपथेवर सांगतो. "जाऊ द्या व्यंकटराव. पोरगं सकाळपून उपाशी राबलंय. चूक कबूल करायला छाती लागती. चला, खाली जाऊ. पुन्हा चालू झालंय सगळं, तर नारळ फोडू, हळदकुंकू लावू. दृष्टच लागली म्हणायची."

सगळे जिना उतरले. सरजाबाईंनी दारातल्या गणपतीपुढचं ताट आणलं. मी पळतच पुढे गेलो, कपाटाचं दार लावून घेतलं आणि त्याला पाठ लावून उभा राहिलो. पाठीमागे त्या सगळ्या नव्या तारा गरम हवा सोडणाऱ्या यंत्रांत नुकत्याच बसवलेल्या.

"सरक जरा," अध्यक्ष म्हणाले. चिमटीत कुंकू होतं.

"साहेब, दार उघडू नका. करंट हाय."

आज दिवसभरात कितवं खोटं होतं ते, कोण जाणे. व्यंकटराव चटकन मागे झाले. अध्यक्षांनी चिमटीकडे पाहिलं, कपाटाकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहून हसले. "बरं बरं. मशीन सांभाळतो त्याला लावलं काय आन् मशीनला लावलं काय." आणि त्यांनी अंगठा माझ्या कपाळावर टेकवला. आधी हळद, मग कुंकू.

आमच्या घरात कपाळाला काही लागत नाही. आजोबांनी दीक्षा घेतली त्या दिवशी सोडलं ते सोडलं. माझ्या लग्नातसुद्धा लागलं नाही. मला लाज वाटली, राग आला, आणि त्या अंगठ्यात वाईट असं काहीच नव्हतं, म्हणून तो राग कुणावर काढावा तेही कळेना. बाजूला झालो असतो तर ते बोट सरळ तारांवर गेलं असतं. मी हललो नाही.

नारळ फुटला. खोबऱ्याचे तुकडे वाटले. सगळे निघायला लागले तेव्हा मी दिवसभर न विचारलेलं विचारलं. आता नाही तर कधीच नाही, असं वाटलं.

"साहेब, माझं कायम व्हायचं...?"

"हां, ते," अध्यक्ष थांबले. "ते आता पुढं बघू. मेंबरांच्या देखत बंद पडलंय, तर लगेच ठराव घेतला तर बरं दिसत न्हाई. करार करून टाकू परत अकरा महिन्यांचा." मग माझा उतरलेला चेहरा बघून त्यांना खरंच वाईट वाटलं असावं, कारण त्यांनी माझ्या कपाळाकडे बोट केलं आणि मोठ्यानं म्हणाले, "आरं, तोंड काय पाडतोस? तू काय परका हायस का? तू आता घरचाच माणूस. घरच्या माणसाला कुठं ऑर्डर लागत असती का?"

मेंबर लोकं हसली. व्यंकटरावांनी मान डोलावली. सविता मॅडम खाली बघत होत्या, सरजाबाई नारळाच्या शेंड्या गोळा करत होत्या. मीही हसलो. हात कपाळाकडे निघाला होता, तो मी पाठीमागे नेला आणि दुसऱ्या हातानं धरून ठेवला.